नवराज्य सिंफनी, मुक्काम पांढुर्णा

८ ऑक्टोबर १९५६
सिंफनी आणि ऑर्केस्ट्रा यांतला फरक गावात एकालाही ठाऊक नाही. घरातली पहिली बी.ए. मी, सांगणं माझं कर्तव्य. सिंफनी म्हणजे रचना. ऑर्केस्ट्रा म्हणजे ती वाजवणारी माणसं. रचना तयार आहे, तीन भाग. (नागपूरला प्रोफेसरांच्या ग्रामोफोनवर एक ऐकली होती. दीड बाजू.) माणसं तेवढी मिळवायची उरली.

१ नोव्हेंबरला नवं मध्य प्रदेश राज्य. शाळेच्या मैदानात सभा, तिथं माझी सिंफनी, छिंदवाड्याचे कलेक्टर साहेब येणार. बाबा म्हणाले, सायबानं 'वा' म्हटलं तर जा नागपूरले एम.ए. कराले. नाही तर माघात लगन.
म्हणजे नागपूर नक्की.

११ ऑक्टोबर
ऑर्केस्ट्रा मिळाला. पुंडलिकरावांचा लग्नाचा बँड. सात जण.

१५ ऑक्टोबर
पहिली तालीम. झांजवाल्या गुणवंताला चाळीस मात्रा गप्प बसायचं आहे. म्हणाला, ताई, लोक म्हनतीन गुणवंता फुकटचा जेवून राहिला. नवव्या मात्रेला वाजवलीच. उत्साह आहे.

२२ ऑक्टोबर
सातही जण एकच चाल वाजवतात. वेगवेगळं वाजवा म्हटलं. पुंडलिकराव म्हणाले, बाई, सात जन सात चाली वाजवतीन तं नवरदेव घोड्यावरून उतरून पयीन. समजावलं. पटलं असावं, चहा दोनदा घेतला.

२९ ऑक्टोबर
हेडमास्तर मोरेश्वर सर म्हणतात, वाजवणाऱ्यांकडे तोंड म्हणजे साहेबांकडे पाठ. चालणार नाही. ठीक. साहेबांकडे तोंड करून ताल दाखवायची छडी हलवीन. ऑर्केस्ट्राला मी पाठमोरी दिसेन. तत्त्व तेच.

१ नोव्हेंबर, संध्याकाळ
प्रचंड यश! पहिला भाग जरा ओळखीचा वाटला. दुसऱ्यात लोक नाचू लागले. साहेब 'वा! वा!' म्हणाले. आई म्हणते, वरातीचंच तं वाजवलं. आईला भाग कळत नाहीत.
हार पुंडलिकरावांना घातला. माझ्या छडीकडे बघून साहेबांनी आपुलकीनं विचारलं, यहाँ मच्छर बहुत हैं क्या?

३ नोव्हेंबर
बाबांना 'वा'ची आठवण दिली. म्हणाले, तो वा बँडले होता. आन् नागपूर तं परवापासून मुंबई राज्यात गेलं. पोरीले परराज्यात कोन धाडते?
बँड मात्र त्यांना फार आवडला. पुंडलिकरावांना संत्र्याची टोपली आणि माघाची सुपारी देऊन टाकली. नवरा अजून ठरायचा आहे.
तालमीला तीन महिने मिळतात. पुरेत. फक्त लग्नाच्या दिवशी गप्प बसायचं काम गुणवंताकडे नाही, माझ्याकडे आहे.