न फोडलेलं दार

३ जून
पहिलं चर्च उरकलं. अजून पंधरा!

ह्यांनी आज भरल्या चर्चात सांगितलं — "त्यांनी कुऱ्हाडीनं दवाखान्याचं दार फोडलं." मी प्रोजेक्टरपाशी उभी होते. पुढची स्लाइड मी उलटीच घातली. भिंतीवर आमचा दवाखाना — छप्पर खाली, पायऱ्या वर. लोक हसले. बरं झालं हसले, माझ्या तोंडाकडे कुणाचं लक्ष गेलं नाही.

दार कुणी फोडलेलं नाही.

४ जून
विचारलं. म्हणाले, "आज नको."

७ जून
दुसऱ्या चर्चातही तेच दार, तीच कुऱ्हाड. आज मिशनचे सचिव स्वतः हजर. चहाच्या वेळी ह्यांच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "असंच सांगत चला! माणसं हेलावतात." मिशीला बिस्किटाचा चुरा लागलेला. मग माझ्याकडे वळले — "वहिनी, तुम्हीही चार शब्द बोला की."

मी म्हटलं, घसा बसलाय.

अकरा वर्षं तिकडे काढली, डोंगरात. ह्यांनी औषधं दिली आणि देवाचं सांगितलं, मी बाळंतपणं केली. आता रजा आहे म्हणे. रजा! मिशनच्या देणग्यांसाठी रोज नवं गाव, नवी पलंगाची चादर, आणि तीच खोटी गोष्ट.

९ जून
लिहूनच टाकते. खरं कुठेतरी असायला हवं, वहीत तर वहीत.

फेब्रुवारीतला मंगळवार. सकाळचे दहा. वरची वस्ती आणि खालची वस्ती, पाण्याच्या पाटावरून पिढ्यान्‌पिढ्यांचं वैर. खालच्या वस्तीतले दोघे भाऊ गोळ्या लागून आमच्याकडे पडलेले. मोठ्याच्या मांडीत, धाकट्याच्या पोटात. त्यांची म्हातारी आई दोन खाटांच्या मधे जमिनीवर. ह्यांनीच त्या खोलीला बाहेरून कुलूप घातलं होतं, त्यांच्या जिवासाठी. किल्ली ह्यांच्या खिशात.

वरच्या वस्तीचे नऊजण आले. कोयते घेऊन. पुढे जो होता त्याच्या बायकोचं बाळंतपण मी केलंय — मूल आडवं, चौदा तास झुंजले होते मी. त्यानं मला केसांना धरून गुडघ्यांवर बसवलं. कोयता मानेवर. गार लागेल असं वाटलं होतं. उन्हातून चालत आले होते ते — पातं गरम होतं.

"किल्ली," तो ह्यांना म्हणाला. बस्स, एकच शब्द.

ह्यांनी दिली.

धाकट्याला खाटेवरच तोडला. मोठा सलाइनची बाटली ओढत दारापर्यंत आला, तिथं पडला. म्हातारी त्या म्होरक्याच्या पायाला लोंबकळली. तिला एकच घाव. दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत. जाताना एकानं बाहेरच्या नळावर हात धुतले आणि नळ नीट बंद केला!

फरशी मी आणि आमच्या दाईनं धुतली. बादलीतलं पाणी तीनदा बदललं. चौथ्यांदाही लालच.

माझी मान जागेवर आहे. तिच्या बदल्यात तिघं गेली.

१० जून
उगाच लिहिलं. डोकं ठणकतंय.

१४ जून
चौथं चर्च. गोष्टीला आता हातपाय फुटलेत. दार तर फोडलंच, वर हे म्हणे त्यांच्यापुढे आडवे झाले, झटापट झाली. म्हातारी तर गोष्टीतून गायबच. आणि टाळ्या! देवाच्या घरात टाळ्या!

पाळकांच्या घराकडे चालत निघालो. मी म्हटलं, "अहो, म्हातारीला कुठे पुरलंत?"

ठोसा. बावीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा. भर रस्त्यात, औषधाच्या दुकानासमोर. दात गालात रुतला. रक्त गिळलं आणि तशीच चालत राहिले. दुकानदारानं मान खाली घालून काच पुसायला घेतली.

पाळकबाईंना सांगितलं, कपाटाचं दार लागलं. त्यांनी फडक्यात बर्फ बांधून दिला. म्हणाल्या, "आमच्याकडेही असलंच कपाट होतं. आता म्हातारं झालंय, लागत नाही." दोघी हसलो. हसताना जीव गेला.

१५ जून
सकाळी हे पायाशी बसून रडले. "माझ्या हातून कसं झालं गं!" मी ह्यांचा सदरा इस्त्री करत होते. ती इस्त्री उचलली आणि ह्यांच्या मनगटावर टेकवली. चुकून नाही. ठरवून. एक — दोन — म्हणेपर्यंत धरली.

ह्यांनी हात मागे घेतला नाही. ओरडलेही नाहीत. कातडी जळल्याचा वास आला.

मग मलमही मीच लावलं, पट्टीही मीच बांधली. नर्स ना मी!

देवा, मला आत्ताच क्षमा मागायला लावू नकोस. अजून मनातून वाटत नाहीये.

१७ जून
पाचवं चर्च. मनगटावरची पट्टी बघून एका बाईंनी विचारलं, "तीच का ती जखम?" ह्यांनी बाही पुढे ओढली. बाईंनी त्या पट्टीचं चुंबन घेतलं. मला बाहेर जाऊन ओकावं लागलं.

२१ जून
क्रमानं लिहिते.

आमच्या कंपाउंडरनं त्या घटनेच्या दुसऱ्या दिवशी पोलिसांसाठी काढलेल्या एका फोटोची स्लाइड आमच्या पेटीत होती. कधीच दाखवली नव्हती. आज मी ती घातली. मुद्दाम. "दार फोडलं" म्हणाले आणि मी खटका दाबला.

भिंतीवर दार आलं. हिरवं, रंगाचा टवकाही न उडालेलं. कोयंड्यात उघडं कुलूप. कुलपात किल्ली.

क्षणभर कुणाला काही कळलं नाही. मग तिसऱ्या बाकावरचा एक माणूस उठला. कुलपं दुरुस्त करतो, मागाहून कळलं. साधा, ओशाळलेला. "साहेब, माफ करा, धंद्याची खोड. दार तर शाबूत दिसतंय. हे किल्लीनं उघडलंय."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी खटक्यावरचा हात काढला नाही.

मग हे बोलले. खाली बघत, प्रवचनाचा आवाज टाकून, घरात बोलतात तसं. किल्ली, कोयता, म्हातारी, सगळं. माझी मान मात्र सांगितली नाही! एवढंच म्हणाले, "मी भ्यालो."

मग मागून एक दांडगा गडी आला, लष्करातून सुटून आलेला. ह्यांची कॉलर धरली. "आम्ही गुडघे टेकून तुमच्यासाठी प्रार्थना केल्या! तुमच्यासाठी!" आणि तोंडावर मारलं. पुन्हा मारलं. दुसरे धावले — सोडवायला की मारायला, कळेना. बाक कलंडला. एका म्हाताऱ्याचा चष्मा कुणाच्या तरी बुटाखाली चुरडला. हे हात न उचलता मार खात होते. मी मधे घुसले तर कुणाचं तरी कोपर बरगडीत बसलं. मी चावले. कुणाला, ठाऊक नाही. तोंडात लोकरीच्या कोटाची चव.

कुलूपवालाच शेवटी ह्यांच्या अंगावर आडवा पडला. रडत होता बिचारा. "माझंच चुकलं, मी विचारायलाच नको होतं."

२२ जून
सचिव आले. "वहिनी, झाकली मूठ सव्वा लाखाची. तुम्ही ती भर चर्चात उघडलीत." उरलेली चर्चेस रद्द. दोघांनीही परत तिकडे जायचं नाही.

सध्या माझ्या भावाच्या घरी आहोत. ह्यांचे दोन दात गेले.

२५ जून
चार दिवसांनी बोलले.

"का केलंस?"

"तुम्ही रोज त्यांना पुन्हा मारत होतात म्हणून."

"तुझ्या मानेवर कोयता होता."

"मी कुठे म्हटलं होतं मला वाचवा?"

"तू म्हणाली नाहीस," हे म्हणाले, "पण माझ्याकडे बघितलंस."

मी बघितलं होतं. ह्या वहीत ते मी लिहिलं नव्हतं. कोयता टेकला तेव्हा मी ह्यांच्याकडे बघितलं, आणि ती नजर काय मागत होती हे मला पक्कं ठाऊक आहे. तीन माणसांच्या बदल्यात जीव मागत होती. मी.

आणि इतके दिवस मीच न्यायाधीश होऊन बसले होते.

२८ जून
हे गेले. उठले तर बिछाना रिकामा, उशीवर चिठ्ठी.

"चर्चवाल्यांना खरं सांगून काय उपयोग? ज्यांना सांगायचं ते तिकडे आहेत. दोघा भावांच्या बायका आहेत. मी जातो. तू येऊ नकोस. तुझा जीव मला पुन्हा तराजूत घालायचा नाही."

मूर्ख! मूर्ख माणूस! एकटाच जाऊन तिकडे मान देणार, आणि इकडे मी पुन्हा जिवंत!

प्रोजेक्टर उचलून अंगणात आपटला. भागलं नाही, म्हणून खलबत्त्यातल्या बत्त्यानं ठेचला. भिंग फुटलं तेव्हा कुठे थांबले. भावजय दारात उभी होती. म्हणाली, "झालं समाधान? काचा तूच भर हो, माझ्या पायात घुसतील."

भरल्या. बोट कापलं.

४ जुलै
पत्र नाही.

१० जुलै
भावानं इथल्या इस्पितळात शब्द टाकलाय. सोमवारपासून कामावर. गणवेशाची मापं देऊन आले. भाऊ म्हणतो, "आता मागचं सगळं विसर, ताई." हो म्हटलं. तिकडे परत जायचं नाही, हे ठरलं. ह्यांच्या पाठोपाठ जाऊन मरायचा मक्ता घेतलेला नाही मी.

१६ जुलै
दाईचं पत्र, कंपाउंडरच्या अक्षरात. "साहेब दोन्ही विधवांच्या दारात गेले, सगळं सांगितलं. थोरलीनं कोयता घातला. खांदा हाडापर्यंत उघडला. मग तिनं आणि धाकटीनंच त्यांना पाठीवर घेऊन दवाखान्यात आणलं. टाके मी घातलेत, जगतील. थोरली पायरीवर बसून आहे, हलत नाही. म्हणते, त्यांनी जिच्या जिवासाठी किल्ली दिली, ती बाई मला बघायचीय."

सकाळच्या गाडीनं निघते.