कळंबला एकही कळंबकर नाही

कन्हेरी, रविवार, संध्याकाळ

आत्ताच कळंबहून आले, घाईत अक्षर वाकडं येतंय. येऊ दे!

कन्हेरीत कळंबकरांचं एकच घर, आमचं. आबांचे वडील, माझे आजोबा, गेले तेव्हा सुतक धरायला भावकीतलं एकही माणूस नव्हतं, हे आबा अजून बोलून दाखवतात. म्हणून आज मी एकटीच कळंबला गेले, भावकी शोधायला. सगळ्या आळ्या पालथ्या घातल्या. गावात एकही कळंबकर नाही!

दूध डेअरीपाशी बसलेले एक म्हातारे तात्या हसायलाच लागले. "हितं कशाला कळंबकर असतील, पोरी? गाव सोडून गेलेल्याला लोकं त्या नावानं वळखत्यात." इतकी साधी गोष्ट मला आजवर कशी सुचली नाही?

मग त्यांनी विचारलं, "लग्नात देवक काय पुजता? भावकीचं देवक एकच असतंय."

मी म्हटलं, मोरपीस.

तात्या उठले. मला घरी घेऊन गेले. देव्हाऱ्यामागे, त्यांच्या नातीच्या लग्नातलं मोरपीस अजून खोचलेलं होतं. "माझ्या आज्ज्याचा भाऊ रुसून कन्हेरीकडं गेला हुता. त्याचंच तुमी." तात्यांचं आडनाव भलतंच, पण मोरपीस तेच. तेच!

तिथूनच आबांना फोन लावला. वाटलं, रडतील. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "नंबर घेतलास का त्यांचा? आता सुतक कळवाय लागंल की एकमेकाला."