आठवी विभक्ती

रविवार, ८ मार्च

फुटबॉलची फायनल झाली. वर्कशॉपचा संघ हरला, १–२. मी पंच होतो.

एक्क्याऐंशीवं मिनिट, १–१. वर्कशॉपच्या कप्तानाचा फटका वरच्या दांड्याला लागला, खाली आपटला, गोलकीपरने दोन्ही हातांनी ओढून घेतला. सगळे हात वर करून माझ्याकडे धावले. मी लाइन्समनकडे बघितलं. तो माझ्याकडे बघत होता. गोल नाही, म्हटलं. मागून कप्तान ओरडला — ए आंधळ्या!

वळलो आणि लाल कार्ड काढलं. काढलं कसलं, त्याच्या नाकाला लावलं! उरलेल्या दहा जणांनी शेवटच्या मिनिटाला गोल खाल्ला.

बक्षिसं झाली तेव्हा कप्तानाने जिंकलेल्या अकराही जणांशी हात मिळवले. गोलकीपरची पाठ थोपटली. माझ्यासमोर आला तेव्हा हात जाकिटाच्या खिशात होते.

सोमवार, ९ मार्च

अहवाल शुक्रवारपर्यंत द्यायचा आहे. ‘वापरलेले अपशब्द’ या रकान्यात शब्द जसाच्या तसा लिहावा लागतो. लिहिला की कप्तानाला एक वर्ष बंदी. तो वेल्डर आहे. अडतिशी गाठलेली, गुडघ्याला पट्टा. फार तर अजून एक हंगाम खेळेल. म्हणजे हा शब्द लिहिला की त्याचा खेळ संपला.

रकाना कोरा ठेवला. सातवीचे व्याकरणाचे पेपर तपासायला घेतले.

बायको म्हणाली, “अहो, वाचताय की हुंगताय?”

उजेड कमी आहे, म्हटलं. तिने दिव्याकडे बोट केलं. लागलेला होता.

मंगळवार, १० मार्च

मधल्या सुट्टीत वर्कशॉपचा डावा विंगर शिक्षकांच्या खोलीत आला. जाडजूड चष्मा, मागे रबराने बांधलेला.

“सर, आंधळ्या म्हणजे मी. टीममध्ये सगळे तेच म्हणतात. घरी आईसुद्धा.”

कप्तान माझ्यावर ओरडला, तुमच्यावर नाही, म्हणाला. शपथ घेतली. मग तो म्हणाला, “तुम्हाला आम्ही अहो-जाहो करतो, सर. तुम्हाला शिवी द्यायची असती तर ‘अहो आंधळे’ म्हणाला असता ना!”

गणिताच्या सरांनी चहा सांडला. मीही हसलो. बऱ्याच दिवसांनी.

तेवीस वर्षं आठवी विभक्ती शिकवतोय — संबोधन. हाक कुणाला आहे ते नुसता शब्द सांगत नाही, असं पोरांना बजावतो. मैदानावर एवढी माणसं होती. ओ मीच दिली.

बुधवार, ११ मार्च

रकान्यात लिहिलं : अपशब्द नाही. पंचांच्या ऐकण्यात चूक. कार्ड मागे घ्यावे.

संघटनेच्या सचिवांना फोनवर सांगितलं. “सर, पंचच माघार घ्यायला लागले तर उद्या कोण ऐकेल?”

चूक ती चूक, म्हटलं. जड गेलं नाही. कानाची चूक कबूल करायला काही लागत नाही.

गुरुवार, १२ मार्च

शाळा सुटल्यावर वर्कशॉपमध्ये गेलो. कप्तानाची माफी मागायची होती. त्याने मुखवटा वर केला, सगळं ऐकून घेतलं.

“तो तुमच्याकडे आला होता? गाढव आहे.”

मग हातमोजे काढत म्हणाला, “सर, तो तेव्हा बाकावर होता. सत्तराव्या मिनिटाला आम्ही त्याला बदलला. तुम्हीच वहीत लिहिलंत.”

वही खिशातच होती. डोळ्यांजवळ धरून वाचली. ७० — ११ बाहेर, १४ आत. अक्षर माझं.

“मी तुम्हालाच म्हणालो.”

“मग सांगतोस कशाला? अहवाल तुझ्या बाजूने आहे. वर्ष जाईल तुझं.”

“जाईल. डोकं फिरलं होतं माझं. शिवी दिली ती दिली, सर. त्या पोराच्या नावावर कशाला खपवू?”

त्याने हात पुढे केला. मी मिळवला. खरखरीत, गरम हात. मुखवटा खाली ओढता ओढता थांबला.

“पण चेंडू हातभर आत होता. पलीकडच्या कुंपणावरच्या माणसांनासुद्धा दिसला. तुम्हाला कसा दिसला नाही?”

ठिणग्या उडायला लागल्या, तसा निघालो.

शुक्रवार, १३ मार्च

अहवाल दिला नाही. सचिवांकडे एक दिवस मागितला. बायकोला म्हटलं, उद्या सकाळी माझ्याबरोबर चल. कुठे, म्हणून तिने विचारलंसुद्धा नाही.

शनिवार, १४ मार्च

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “वर्षभर तरी असणार. तुमच्या लक्षात कसं आलं नाही?” आलं होतं.

अहवाल पुन्हा लिहिला. शिट्टी सोबत जोडली. रकान्यात : ‘आंधळ्या’. संबोधन, एकवचन. पंचांना उद्देशून. अपशब्द नाही, वस्तुस्थिती.