चाळीस मिनिटांत एक कॉलर

३ मार्च, सोमवार

एचआरच्या मॅडमनी सकाळीच बोलावलं. सरकारची कौशल्य प्रमाणपत्राची योजना आपल्या कारखान्यात येतेय. शिलाईच्या लाइनवरच्या प्रत्येकाने परीक्षा द्यायची. बायकांनी ऑपरेटरची, मी सुपरवायझरची. तारीख २७. जो पास होणार नाही त्याला सुपरवायझर ठेवता येणार नाही, असं मॅडम माझ्याकडे बघून म्हणाल्या. मी समोरच बसलो होतो, म्हणून असेल.

लाइन चारवर अठरा वर्षं काढली. शर्ट कसा असतो हे मला सरकारने सांगायला नको. निव्वळ फॉर्म्यालिटी.

संकल्प: शंभरपैकी शंभर. नव्याण्णव आले तर पेपर रीचेकिंगला टाकायचा.

४ मार्च, मंगळवार

अभ्यासक्रम वाचला. लेखी, प्रात्यक्षिक आणि ‘कामाच्या ठिकाणी प्रशिक्षण’ म्हणून काहीतरी. प्रात्यक्षिकात चाळीस मिनिटांत शर्टाची एक कॉलर शिवून दाखवायची.

आता, मी मशीनवर कधी बसलेलो नाही. स्टोअरमधून थेट सुपरवायझर झालो. पण आजवर लाखभर कॉलरी तरी परत पाठवल्या असतील. ज्याला वाईट कॉलर लांबून ओळखता येते त्याला चांगली शिवता येणारच. साधा हिशोब आहे.

आज सहा परत केल्या.

८ मार्च, शनिवार

कँटीनमध्ये क्लास सुरू. सकाळी साडेआठ म्हणजे शिफ्टच्या आधी एक तास. झोपमोड. शिकवणारी मुलगी माझ्या थोरलीपेक्षा लहान. गळ्यात कायम मोजपट्टी, म्हणून बायकांनी तिचं नाव ‘टेपवाली’ पाडलंय.

आजचा धडा मशीनमध्ये दोरा ओवण्याचा. मला तेवढ्यात महत्त्वाचा फोन आला. बाहेर गेलो. फोन पन्नास मिनिटं चालला. (बायकोचा होता. गॅस संपलाय. पण तो तिनेच दोन मिनिटांत ठेवला.)

हजेरीचं यंत्र माझा अंगठा घेत नाही. बत्तीस जणांत मी एकटाच गैरहजर लागलो. बायकांचे अंगठे बरे चालतात! तक्रार करणार.

९ मार्च, रविवार

घरी सराव. सासूबाईंचं पायाचं मशीन बाहेर काढलं. म्हटलं, जरा हात साफ करतो. सासूबाई चष्मा पुसून खुर्ची ओढून समोर बसल्या. प्रेक्षक नको होते.

मशीन उलटं फिरत होतं. दोरा तुटला. परत ओवला. परत तुटला. सासूबाई म्हणाल्या, “जावईबापू, आधी हातापायांची ओळख करून द्या एकमेकांशी.” आतून बायको हसली. तिला ऐकू जायचं काही कारण नव्हतं.

तासाभराने एक सरळ शिवण जमली. नंतर कळलं, माझ्या शर्टाची बाही त्या कापडाला शिवली गेली होती. सासूबाईंनी उसवून दिली. म्हणाल्या, टाका मात्र पक्का आहे.

टाका पक्का आहे. हे लिहून ठेवतो.

११ मार्च, मंगळवार

लेखीची चाचणी. प्रश्न सातवा: ऑपरेटरकडून चूक झाल्यास सुपरवायझरने काय करावे? (अ) ओरडावे (ब) करून दाखवावे (क) मशीनवरून उठवावे (ड) दुर्लक्ष करावे.

मी अ आणि क दोन्हींवर खूण केली. आधी अ, मग क, हा क्रमही बाजूला लिहिला. शून्य मार्क. टेपवालीला विचारलं, कधी कारखान्यात काम केलंयस का? म्हणाली, सात वर्षं, ओव्हरलॉक मशीनवर, रात्रपाळीत. मी म्हटलं, ते वेगळं.

एकूण वीसपैकी सहा. पेपर अव्यवहारी आहे.

१४ मार्च, शुक्रवार

कॉलरवाली माझ्या टेबलाशी आली. अकरा वर्षं ती कॉलरच शिवते. दुसरं काही नाही. म्हणाली, “साहेब, जेवणाच्या सुट्टीत बसता का माझ्या मशीनवर? दाखवते.” मी म्हटलं, गरज नाही.

मग विचार केला. परीक्षेत तिलाही तोंडी प्रश्न असणार. तिला समजावून सांगायचा सराव कुठून मिळायचा? आपल्या हाताखालच्या माणसाला पुढे आणणं सुपरवायझरचं कर्तव्य आहे. तेव्हा तिच्यासाठी म्हणून मी तिच्याकडे शिकायचं ठरवलं.

सोमवारपासून. आज चार परत केल्या. सवय सुटता कामा नये.

१७ मार्च, सोमवार

जेवणाच्या सुट्टीत पहिला धडा. वाटलं होतं, लाइन रिकामी असेल. बटणवाली, काजवाली, बाहीवाल्या दोघी, सगळ्या डबे घेऊन तिथेच बसल्या. कँटीनमध्ये पंखा बंद आहे म्हणे. मी जाऊन बघितलं. पंखा चालू होता.

पहिली कॉलर: एक टोक पुढे आलेलं, दुसरं रुसून मागे गेलेलं. कॉलरवाली म्हणाली, “टोकाशी आलात की घाई करता साहेब. तिथे थांबायचं, सुई कापडात ठेवायची, मग वळायचं.” हे तिला मीच कधीतरी सांगितलेलं असणार.

१९ मार्च, बुधवार

आजचं नीट लिहिलं पाहिजे.

तिसरी कॉलर बिघडल्यावर मी वैतागून म्हणालो, यात नक्की चुकतं काय ते तरी सांग! ती हसली. म्हणाली, “तुम्ही आम्हाला कुठे सांगायचात? नुसतं ‘परत’ म्हणून टोपलीत टाकायचात. सुरुवातीला मी उसवून पुन्हा शिवायची. मग एकदा वेळ नव्हता, तीच कॉलर तशीच परत पाठवली. तुम्ही पास केलीत.”

मी म्हटलं, एकदा होतं असं.

ती म्हणाली, “तेव्हापासून तशीच पाठवते. सगळ्याच पाठवतात.”

बटणवालीला खाता खाता ठसका लागला. कुणीतरी तिच्या पाठीवर थापटलं. मी दोरा ओवत बसलो. ओवला जाईना.

घरी येऊन शांतपणे विचार केला. म्हणजे माझ्या टोपलीत नुसती पडून राहिली तरी कॉलर सुधारत होती. हा धाकाचा परिणाम. कंपनीने अभ्यास करावा असा विषय आहे.

जेवण गेलं नाही.

२२ मार्च, शनिवार

आज एकही कॉलर परत केली नाही. सगळ्या बऱ्या होत्या. किंवा काय बघायचं ते कळत नव्हतं. पाच दिवस उरले.

२४ मार्च, सोमवार

सुई बोटात गेली. डाव्या हाताची तर्जनी, नखातून आरपार. मी ओरडलो. (मोठ्याने नाही.) कॉलरवालीने मशीन बंद केलं, चाक हाताने उलटं फिरवून सुई वर घेतली, बोट धरून नळाखाली नेलं. चेहऱ्यावरची रेष हलली नाही तिच्या. म्हणाली, सगळ्यांना एकदा लागते.

दवाखान्यात इंजेक्शन. मग दोन तास एचआरच्या सोफ्यावर. मॅडमनी चहा पाजला.

गेल्या वर्षी बटणवालीचं बोट असंच गेलं होतं. मी पट्टी बांधून दहा मिनिटांत परत मशीनवर बसवलं होतं तिला. टार्गेट होतं त्या दिवशी. तिने काही म्हटल्याचं आठवत नाही.

पण माझं बोट वेगळं. परीक्षा तोंडावर आहे.

२७ मार्च, गुरुवार, सकाळी ७

नवा शर्ट. बोटाला पातळ पट्टी. लेखीची उजळणी झाली. ओरडावे हे उत्तर कुठेच नाही, एवढं लक्षात ठेवलं की पुरे. सासूबाईंनी स्वतःची कात्री दिली. धार आहे, म्हणाल्या, जपून. मी म्हटलं, निघालो, पेढे आणतो. बायको म्हणाली, आधी जाऊन या.

२७ मार्च, संध्याकाळी ६:३०

परीक्षक बाहेरून आलेला. हातात टॅब, प्रत्येकाचा फोटो, व्हिडिओ. यजमान म्हणून मी त्याला खुर्ची दिली, चहा मागवला, लाइनची माहिती द्यायला लागलो. तो म्हणाला, “उमेदवारांनी आपापल्या जागी बसावं.” माझी जागा सतरा. मागच्या रांगेत, चार महिन्यांपूर्वी लागलेल्या एका नव्या मुलीशेजारी, जिची शिलाई अजून कच्ची आहे.

अडतीस मिनिटांत कॉलर पुरी. दोन मिनिटं हातात! टोकंही जवळजवळ सारखी. परीक्षकाने उचलली, उलटी केली, परत सुलटी केली. खालची पट्टी मी उलट्या बाजूने जोडली होती. ही कॉलर शर्टाला लावली तर बाहेर वळण्याऐवजी गळ्याच्या आत वळेल, असं तो म्हणाला. शांतपणे म्हणाला. ओरडला असता तर बरं झालं असतं.

मग ते कामाच्या ठिकाणचं प्रशिक्षण. एका ऑपरेटरला कुठलंही काम शिकवून दाखवा. वेळ दहा मिनिटं. त्याने बटणवालीला समोर बसवलं. व्हिडिओ सुरू.

मी तिला म्हटलं, “नीट कर.”

ती बघत राहिली. परीक्षक म्हणाला, “पुढे?”

मी म्हटलं, “लवकर कर.”

अजून नऊ मिनिटं होती. खूप आठवून बघितलं. अठरा वर्षांत मी लाइनवर रोज बोलतोय, घसा बसेपर्यंत बोलतोय, आणि तिसरं वाक्य सापडेना. शेवटी बटणवालीनेच विचारलं, “साहेब, टाके किती घालू, ते सांगायचंय ना तुम्हाला?” मी हो म्हटलं. तिने सांगितलं. परीक्षकाने टॅबवर काहीतरी लिहिलं.

एकंदरीत पेपर ठीक गेला.

७ एप्रिल, सोमवार

निकाल. बत्तीसपैकी एकतीस पास.

रीचेकिंगचा अर्ज दिला. कारणं: बोट, अंगठ्याचं यंत्र, जागा सतरावर उजेड कमी, बटणवालीने मध्ये बोलणं. मॅडमनी अर्ज वाचून ड्रॉवरमध्ये ठेवला.

लाइन चार आजपासून कॉलरवालीकडे. तात्पुरती. माझं टेबल दाराजवळ हलवलं आहे, पदाचं नाव ‘समन्वयक’. बायकोला म्हटलं, एका परीने बढतीच. तिने विचारलं, समन्वय कुणाकुणाचा? मी म्हटलं, सगळ्यांचा. सासूबाईंनी माझ्या पानात एक पोळी जास्त वाढली.

दुपारी दारातून बघितलं. कॉलरवाली एका मुलीशेजारी वाकून उभी होती. हळू बोलत होती. लाइन थांबली नव्हती.

११ एप्रिल, शुक्रवार

प्रमाणपत्र वाटप. चार वाजता, कँटीनमध्ये. खात्याचे अधिकारी आले. माइक बंद पडला. मॅडम म्हणाल्या, तुमचा आवाज मोठा आहे, यादी तुम्हीच वाचा.

म्हटलं, बरं. माझ्याशिवाय कार्यक्रम होत नाही, हे दिसलंच.

यादीत पूर्ण नावं होती. स्वतःचं, नवऱ्याचं किंवा वडिलांचं, आडनाव. पहिलं नाव वाचलं आणि समोर बघितलं. कोण उठणार ते मला माहीत नव्हतं. काजवाली उठली. दुसरं वाचलं. बाहीवाल्यांपैकी धाकटी. काजवालीचं आडनाव मी ऐकलेलं नव्हतं. बटणवालीचं नाव एका नदीचं आहे.

दहाव्या नावानंतर मी समोर बघायचं सोडलं. नुसतं वाचत गेलो. टाळ्या व्हायच्या, चपला वाजायच्या, कुणीतरी येऊन जायचं.

कॉलरवालीचं नाव मी चुकीचं वाचलं. ती जागेवरूनच म्हणाली, “दुसरं अक्षर ऱ्हस्व आहे साहेब.” मी पुन्हा वाचलं. तिसऱ्यांदा नीट आलं. अधिकाऱ्यांनी तिला हार घातला, तिने तो तिथल्या तिथे काढून टेपवालीला दिला.

सगळे उठल्यावर कॉलरवाली लाइनच्या दारापाशी माझ्या टेबलाशी आली. पुढच्या बॅचचे फॉर्म आता तिने भरायचे आहेत. पेन उघडलं. म्हणाली, “साहेब, तुमचं पूर्ण नाव काय?”

सांगितलं. तिने लिहिलं, फॉर्म माझ्याकडे वळवून विचारलं, बरोबर आहे ना?

आडनाव चुकलं होतं. पण तोवर तिला तिकडून कुणीतरी हाक मारली, ताई, ही कॉलर बघता का. ती गेली.

क्लास सोमवारी, साडेआठला.