मोल्डिंगची शेवटची भट्टी

गडमुडशिंगी,
मंगळवार

प्रिय ऐश्वर्या,

तू फोन उचलत नाहीस आणि मेसेजला नुसता अंगठा पाठवतेस, म्हणून शेवटी कागद घेतला. आधी कामाचं सांगते. आपल्या तंत्रशाळेतला मोल्डिंगचा वर्ग बंद होतोय. शनिवारी भट्टी शेवटची पेटेल, सोमवारी भंगारवाला ती उचलून नेईल. शनिवारी तू इथं हवीस. का, ते सांगायला मला जरा धीर गोळा करावा लागतोय, तोवर बाकीचं ऐक.

ह्या वर्षी मोल्डिंगला एकही अर्ज आला नाही. पोरांना वाळूत हात घालायचा नाही, आणि त्यांना तरी काय बोलू? त्या जागी मोबाईल दुरुस्ती येणार. इतकी वर्षं ओतकाम शिकवलं, आता मला स्टोअरला बसवतील. फार वाईट वाटतं गं. तुझ्या अण्णांनी इंजिनाच्या कारखान्यातली नोकरी सोडून गुळाच्या गोदामात ही शाळा काढली, तेव्हा मोल्डिंगच पहिलं होतं. फिटर, टर्नर, वेल्डर सगळे मागाहून आले. मलकापूरकडची पोरं गोदामातच झोपायची आणि रत्नाकाकी, तुझी आई, त्यांना भाकरी थापून घालायच्या. अण्णा दिवस मावळायच्या आत जेवणार, म्हणून आमचं ओतकाम कायम उन्हं असतानाच उरकायचं. ह्या माणसापायी मीही जैन झालो, असं अण्णांच्या जोडीनं भट्टी लावणारे माझे अब्बा हसून सांगायचे. रमजानात मात्र उपास सुटेपर्यंत अण्णाच त्यांच्याजवळ बसून राहायचे.

आणि कप्प्या आठवतात? शिक्षण संपून वर्ग सुटताना प्रत्येकानं विहिरीची एक कप्पी ओतायची. वाळूच्या साच्यात आपलं नाव उलटं दाबायचं, म्हणजे लोखंडात सुलटं येतं. ज्याचं नाव त्यानंच ओतायची, दुसऱ्यानं नाही. तो आलाच नाही तर साचा मोडून वाळू चाळून टाकायची. माझी कप्पी अजून आमच्या आडावर आहे. ती घरी नेली त्या दिवशी तू आमच्या गल्लीतून मान फिरवून गेलीस. मला तुझा राग आला नाही. अब्बांनी हट्ट धरला म्हणून अण्णांनी मला मोल्डिंगला घेतलं, आणि तुला मात्र कॉम्प्युटरच्या वर्गात बसवलं. "माझी पोर न्हाय भट्टीपाशी जायची," एवढंच त्यांचं. तू सगळ्या वर्कशॉपसमोर ओरडलीस, "दुसऱ्याची पोर भाजली तर चालतीय व्हय तुम्हास्नी?"  अण्णा वाळू चाळत बसले.

तू पुण्याला गेलीस ती गेलीसच. सणासुदीला घरी यायचीस, पण शाळेचं फाटक ओलांडायची नाहीस. गेल्या महिन्यात अण्णा गेले, तेव्हाही घरूनच परत फिरलीस. मी फाटकात उभी होते. तुझी गाडी जाताना पाहिली आणि आत जाऊन खूप रडले. तुझ्यासाठी की अण्णांसाठी, ते मलाही कळलं नाही.

जायच्या आधी अण्णा रोज दुपारी मागच्या कोठीत आतून कडी लावून बसायचे. वर्ग बंद होणार म्हणून जीव रमत नसेल, असं समजून आम्ही कुणी हटकलं नाही. काल ती कोठी रिकामी करायला उघडली. कोपऱ्यात पोत्याखाली कप्पीचा साचा होता. थरथरत्या हातांनी केलेला, कडा वाकड्या. माझ्या वर्गातल्या पोरानं असा केला असता तर मी मोडायलाच लावला असता. टिकावा म्हणून वाळूत साखर कारखान्याची मळी घालून भाजून घट्ट केलेला. साच्याचा वरचा अर्धा डबा उचलला. उलटं वाचायची मला सवय आहे, तरी दोनदा वाचलं. ऐश्वर्या, तुझं नाव आहे गं. हवेतली ओल धरून एक कड ढासळायला लागली आहे. तो साचा मोडणं माझ्याच्यानं होणार नाही, आणि दुसऱ्या कुणाला मी ओतू देणार नाही. शनिवारी उन्हं असताना ये. कपडे सुती घाल, पायात बूट घाल. लोखंडाचा तापला रस उचलायला दोन माणसं लागतात, दुसरी बाजू मी धरते.

तुझीच,
हाफिजा