मशीन माझ्याकडे, कर्णा त्याच्याकडे

मी, खाली सही करणारा, वय एकोणऐंशी, व्यवसाय सभांमध्ये भाषणं करणे, सध्या घशाच्या आजारामुळे बंद, हे मृत्युपत्र वरच्या खोलीत खिडकीजवळ बसून, पूर्ण शुद्धीत, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. दबावाखाली मी आजवर एक वाक्य पुरं केलेलं नाही, आणि आता नवी सवय लावून घ्यायला वेळ नाही. पूर्वी एक मृत्युपत्र केलं होतं. त्यात घरच्यांपेक्षा पक्षाला जास्त जागा होती. ते रद्द समजावं.

माझी मतं मी या कागदाने कोणालाही देत नाही. ती माझ्याबरोबर जातील आणि शाबूत जातील. आजारपणात माणूस मऊ होतो म्हणतात. मी झालेलो नाही. पाणी, दवाखाना आणि शाळा विकायला काढणाऱ्यांना मी विसाव्या वर्षी जे म्हणालो, तेच आज कुजबुजत म्हणतो. पण माझी दोन मुलं एकमेकांशी बोलत नाहीत. हा कागद खरं तर त्यासाठी आहे. आधी बाकीचं आटपतो.

कलम एक. हे राहतं घर पत्नीला, पूर्णपणे आणि बिनशर्त. तिने माझं प्रत्येक भाषण दोनदा ऐकलं, एकदा स्वयंपाकघरात आणि एकदा चौकात. तिचं मत असं, की पहिलं बरं असायचं, कारण दुसऱ्यात मी टाळ्यांसाठी थांबायचो.

कलम दोन. बँकेतली शिल्लकही तिलाच. मात्र आधी त्यातून समोरच्या दंतवैद्याच्या दवाखान्याची काच बसवून द्यावी. ती आमच्या कार्यकर्त्यांनी फोडली. मी तेव्हा आजारी होतो, पण घोषणा माझ्याच होत्या. शब्दन् शब्द ओळखू आला.

कलम तीन. पुस्तकं वाचनालयाला. विरोधकांची पुस्तकं जास्त झिजलेली दिसतील, कारण ती मी जास्त वाचली. समासात मी ‘खोटं’, ‘साफ खोटं’ असं लिहिलेलं आहे. एका ठिकाणी ‘हे मात्र खरं’ असं आहे, आणि त्याखाली दंतवैद्याच्या अक्षरात ‘उशिरा का होईना!’ ग्रंथपालांनी रबर लावू नये. घसा मोकळा करायच्या गोळ्यांचा डबा त्या वार्ताहराला द्यावा, ज्याने माझ्या आवाजाला पत्र्यावरच्या गारा म्हटलं होतं. तो पुढे संपादक झाला. त्याचा आवाज कोणालाच आठवत नाही.

कलम चार. आवाज मोठा करणारं मशीन, म्हणजे ॲम्प्लिफायर, मायक्रोफोनसकट. याचा इतिहास सांगणं भाग आहे.

आम्ही दोघं तरुण होतो तेव्हा या गावात असा संच कोणाकडेच नव्हता. दंतवैद्य त्याच्या पक्षाचा, मी माझ्या. एकट्याला परवडेना, म्हणून दोघांनी मिळून घेतला. आणि एकाने दुसऱ्याला फसवू नये म्हणून वाटणी अशी केली, की मशीन माझ्याकडे, कर्णा त्याच्याकडे. मशीनशिवाय कर्णा म्हणजे नुसता पत्रा, आणि कर्ण्याशिवाय मशीन मुकं. मला सभा घ्यायची तर रस्ता ओलांडून त्याच्याकडे जावं लागे. त्याला घ्यायची तर तो माझ्याकडे येई.

“कशावर बोलणार आहेस?” तो विचारायचा.

“तुझ्यावर.”

“मग कर्णा जिन्यावरून नीट धरून ने. मागच्या वेळी पोचा पाडून आणलास.”

एवढं झालं की तो स्वतः सभेला येऊन मागे उभा राहायचा. मीही त्याच्या सभेला जायचो. आम्ही एकमेकांना सोडलं नाही. मी त्याला बाजाराचा भाट म्हटलं, त्याने मला फुकट वाटपाचा कंत्राटदार म्हटलं. दुसऱ्या दिवशी दाढ दुखली की मी त्याच्याच खुर्चीत. तोंड उघडं, त्यात त्याची हत्यारं, आणि तो निवांतपणे अर्थसंकल्प समजावून सांगतोय. मी नुसता ‘आं आं’ करायचो. तो म्हणायचा, “बघ, पटतंय.”

माझ्या घशातली गाठ पहिल्यांदा त्यानेच पाहिली. त्या दिवशी त्याने राजकारण काढलं नाही.

आता प्रत्येकाकडे स्वतःचा संच आहे. मागच्या निवडणुकीत चौकाच्या दोन्ही बाजूंनी दोन्ही पक्ष एकाच वेळी बोलत होते. मी खिडकीतून ऐकलं. शब्द हवेत एकमेकांना घासून बारीक होत होते आणि धुळीसारखे खाली बसत होते. त्याच संध्याकाळी काच फुटली. मुलगी आमच्या पक्षात, माझ्यापेक्षा कडक. ती म्हणाली, “सुरुवात त्यांनी केली.” मुलगा दंतवैद्याच्या पक्षात गेलेला. तो म्हणाला, “ताई, त्यांनी तुझे दुधाचे दात काढलेत गं.” ती म्हणाली, “म्हणून काय मत देऊ?” त्याने बॅग भरली.

तेव्हापासून दुपारी डोळा लागला की एकच स्वप्न पडतं. मोकळ्या जागेवर सभा भरली आहे. लोक घोट्यापर्यंत पाण्यात बसले आहेत आणि कोणालाच त्याचं काही वाटत नाही. मी बोलतोय, वाक्यं माझी, पण कर्ण्यातून आवाज येतोय दंतवैद्याचा. मग तो उठतो, त्याची वाक्यं माझ्या आवाजात येतात. पाणी हलत नाही. पहिल्या रांगेत माझी दोन्ही मुलं आहेत, लहान, एकाच खुर्चीत. मला जाग येते तेव्हा कोण काय बोललं ते आठवत नाही. फक्त सगळे शेवटपर्यंत बसले होते, एवढं आठवतं.

म्हणून मशीन मी मुलाला देत आहे. कर्णा दंतवैद्य माझ्या मुलीला देणार आहे. त्याने लग्न केलं नाही, आणि कर्ण्याला वारस हवा. तसं तो स्वतःच्या कागदात लिहील. हे आम्ही ठरवलं आहे, आणि गेल्या कित्येक वर्षांत आमचं एवढं एकच एकमत आहे.

कलम पाच. घराशेजारची मोकळी जागा. पूर्वेला रस्ता, पश्चिमेला माझं घर, उत्तरेला सायकल दुरुस्तीचं दुकान, दक्षिणेला लिंबाचं झाड, ज्याच्या सावलीत विरोधक उभे राहत. दोन्ही पक्षांना इथे कार्यालय बांधायचं आहे. ती मुलगा आणि मुलगी यांना समाईक, समान हक्काने. माझी शोकसभा इथेच, याच जुन्या संचावर व्हावी. पहिलं भाषण दंतवैद्याचं, आणि ते माझ्याविरुद्ध. मध्ये कोणी उठू नये, हुर्यो करू नये, माझ्या मुलीनेसुद्धा. तो साक्षीदार असल्याने त्याला मृत्युपत्रातून काही मिळू शकत नाही, असं वकीलबाई म्हणतात. भाषण ही मिळकत नव्हे, असंही त्यांनीच तपासून सांगितलं.

कलम सहा. <s>वरील दोघांपैकी जो दुसऱ्याला सभेसाठी मशीन किंवा कर्णा देण्यास नकार देईल, त्याचा जागेतला हिस्सा दुसऱ्याकडे जाईल.</s>

खुलासा. कलम सहा खोडलं आहे. वाचता येईल असंच खोडलं आहे. घडलं ते असं. सहीसाठी आज दंतवैद्य आणि वकीलबाई वर आले. संच चालू स्थितीत आहे का ते पाहावं लागेल, असं वकीलबाई म्हणाल्या, म्हणून पत्नीने मुलालाही बोलावून घेतलं आणि दोघा भावंडांना कर्णा आणायला समोर धाडलं. दंतवैद्याने चष्मा लावून सगळा कागद वाचला आणि कलम सहावर बोट ठेवलं.

“हे काढ.”

“का?” मी कुजबुजलो.

“जमीन जाईल म्हणून ताई भावाला बोलू देणार? त्याला ऐकून घेणं म्हणायचं? तू कर्णा मागायला यायचास, तेव्हा मी कशाला घाबरून देत होतो रे?”

“मग का देत होतास?”

“तू काय बरळणार ते ऐकायचं असायचं. त्याशिवाय दुसऱ्या दिवशी तुला झोडपणार कसा?”

“आणि त्यांनी नाहीच दिलं तर?”

“तर नाही दिलं. ती तुझी मुलं आहेत, तुझे श्रोते नाहीत.”

मी खिडकीकडे वळलो. खिडकीबाहेर ऊन पांढरं होऊन थांबलं होतं, आणि समोरच्या अरुंद जिन्यावरून कर्णा खाली येत होता, एखाद्या मोठ्या फुलासारखा, तोंड आकाशाकडे.

“तिरका कर ना!” मुलगी म्हणाली.

“केलाय. मी मागे सरकतोय.”

“मागे पायरी आहे, मूर्खा.”

“मग सांग की, कुठे आहे ते!”

“तुझ्या डाव्या पायाखाली. हां. आता ये.”

दंतवैद्य माझ्याकडे बघत होता. त्याने पेनचं टोपण काढून पेन माझ्यापुढे धरलं. मी कलम सहावर रेघ मारली. त्याचं म्हणणं पटलं म्हणून मारली, आणि हे मी लेखी देत आहे, कारण तोंडी सांगितलं तर तो ते शोकसभेत वापरेल. लेखी दिलं तरी वापरेल. खालून पत्नी विचारते आहे, चहा किती जणांचा. सगळ्यांचा, असं दंतवैद्याने माझ्या वतीने ओरडून सांगितलं. आवाज खणखणीत आहे त्याचा अजून.

ठिकाण: राहतं घर, वरची खोली.
दिनांक: ९ मार्च, दुपार.

सही: मृत्युपत्र करणारा. (खोडलेल्या ओळीशेजारी तिघांच्याही सह्या आहेत.)

साक्षीदार: वकीलबाई. कलम सहा माझ्यासमोर खोडलं, खुलासा माझ्यासमोर लिहिला आणि मृत्युपत्रावर सही केली.

साक्षीदार: दंतवैद्य. लिहिणारा पूर्ण शुद्धीत आहे. त्याची मतं साफ चुकीची आहेत. दोन्ही गोष्टी मी शपथेवर सांगतो.