काळाचौकीतली पायतपासणी

चि. यशोधन यास सीतारामकाकांचे आशीर्वाद. नौदलाच्या त्या कमांडो तुकडीत तू धडधाकट असशील आणि डबाबंद पुलाव थंडच गिळत असशील, असं धरून चालतो. आम्ही इथे खुशाल होतो, तेवढ्यात आमचे चिरंजीव हेरंब रजेवर आले.

आल्या दिवशीच त्यानं आमच्या एका खोलीला 'पोझिशन' म्हणून जाहीर केलं आणि मला 'बडी', म्हणजे जोडीदार, नेमलं. (त्याचा तिकडचा बडी तू, म्हणून गाऱ्हाणंही तुलाच.) एक बडी झोपला की दुसऱ्यानं पहारा द्यायचा, त्यामुळे जन्मभर कारकुनी करून कमावलेली माझी दुपारची झोप आता पाळीनं मिळते. भाजी निवडणं ही 'फटीग', म्हणजे अंगमेहनतीची ड्यूटी. जेवायच्या आधी 'नफरी', म्हणजे माणसं मोजायची. घरात आम्ही तिघं, तरी मोजतो!

तिन्हीसांजेला 'स्टँड टू', म्हणजे शत्रू येण्याची वेळ, सगळे सज्ज. परवा मी आणि तुझी बकुळाकाकू गॅलरीत दोन दिशांना तोंडं करून उभे राहिलो (तिच्या हातात लाटणं). चाळीला वाटलं, टँकर आला. बघता बघता अख्खा मजला हंडे-बादल्या घेऊन आमच्यामागे रांगेत! हेरंबनं 'स्टँड डाउन' म्हणताच शेजारच्या सुंदराबाईंनी रिकामी बादली आपटून माझ्या सात पिढ्या उद्धरल्या.

पण कहर केला तो पायतपासणीनं. पहिल्याच संध्याकाळी तो आईच्या पायाशी वाकला. ती गहिवरली, डोक्यावर हात ठेवून "औक्षवंत हो रे" म्हणाली, आणि खालून आवाज आला, "आई, टाचा फुटल्यात तुझ्या. उद्यापासून पावडर आणि मोजे!" तेव्हापासून ती मोजे घालून पोळ्या लाटते. तरी बाबा, साहेबांच्या कानावर घालून याला लवकर परत बोलाव.

तुझा,
सीतारामकाका (बडी, काळाचौकी शाखा)

ता. क. लवकर बोलावण्याचं मनावर घेऊ नकोस. बकुळानं पत्र वाचलं आणि माझ्याशी अबोला धरलाय.

पुन्हा ता. क. हे तिच्या नकळत लिहितोय, आणि पत्राचं खरं कारण हेच. सगळ्यांचे पाय बघणारा हा गडी स्वतःचे मोजे काही काढत नाही. काल दुपारी तो झोपला, पहारा माझा होता, तेव्हा मी हळूच काढले. डावी टाच सोलून निघालीय, जखम ओली आहे. जागा होऊन म्हणाला, "बाबा, कुणाला बोलू नका. पिठ्ठू पाठीवर घेऊन लांबची चाल आहे, कळलं तर मला मागे ठेवतील." मी शब्द दिला. तो मोडत नाहीये. बडीला सांगणं म्हणजे कुणाला सांगणं नव्हे, हे त्यानंच शिकवलंय. फार काळजी वाटते रे. तो आला की आधी मोजे उतरव, मग डॉक्टरांकडे ने, ओरडला तर ओरडू दे. रविवारी तो गाडीत बसला की माझा पहारा संपला. पुढचा तुझा.